शेवटची आठ सेकंदे आणि त्याआधीची साठ मिनिटे

१/ अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये एक वाद पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. सामना अखेरच्या क्षणी हातचा निसटला, की दुसऱ्या दिवशी दोन तट पडतात. एक म्हणतो, आक्रमण फळीने पुरेसे गुण केले नाहीत. दुसरा म्हणतो, केलेले गुण बचावफळीने राखले नाहीत. हा थ्रेड या वादातील सर्वांत गाजलेल्या खटल्याविषयी आहे. माझी बाजू आधीच मांडते: दोन्ही तट वाईट इतिहास लिहितात, आणि त्या वाईट इतिहासाची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते.

२/ २७ जानेवारी १९९१. फ्लोरिडातील टॅम्पा. पंचविसावा सुपर बोल: न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध बफेलो बिल्स. आखाती युद्धाला तोंड फुटून जेमतेम दहा दिवस झाले होते. सामन्याची आठ सेकंदे उरली तेव्हा धावफलकावर जायंट्स २०, बिल्स १९. बिल्सचा किकर स्कॉट नॉरवूड ४७ यार्डांवरून चेंडू मारायला उभा राहिला. चेंडू दोन खांबांमधून गेला असता तर तीन गुण आणि विजेतेपद. चेंडूला उंची मिळाली, अंतरही मिळाले. पण तो उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. समालोचक अल मायकल्स यांनी उच्चारलेले ‘वाइड राइट’ हे दोन शब्द त्या दिवसापासून बफेलोच्या कपाळी गोंदले गेले.

३/ हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाची आक्रमण फळी मैदानात असते आणि समोर दुसऱ्या संघाची बचावफळी. एकाच संघातील या दोन फळ्यांत सर्वसाधारणपणे अगदी वेगवेगळे अकरा-अकरा खेळाडू असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात. म्हणून तिसरा प्रयत्न कळीचा, कारण चौथ्या वेळी बहुधा चेंडू लाथेने दूर धाडावा लागतो किंवा फील्ड गोलचे तीन गुण आजमावावे लागतात. घड्याळ साठ मिनिटांचे. किकर या दोन्ही फळ्यांत नसतो. तो तिसऱ्याच तुकडीतला, सामन्यात मोजक्या वेळा मैदानावर येणारा माणूस.

४/ आता पहिल्या तटाची फिर्याद ऐकू. आरोपी: बिल्सची बचावफळी. पुरावा भक्कम आहे. साठ मिनिटांपैकी ४० मिनिटे ३३ सेकंद चेंडू जायंट्सकडे होता. सुपर बोलमधला हा विक्रम. तिसऱ्या प्रयत्नावर जायंट्स १६ पैकी ९ वेळा यशस्वी ठरले. उत्तरार्धाच्या आरंभी त्यांनी ७५ यार्डांची एकच चढाई ९ मिनिटे २९ सेकंद चालवली आणि टचडाउन केला. त्याच चढाईत तिसऱ्या प्रयत्नावर १३ यार्ड हवे असताना मार्क इंग्रमने एक छोटा पास झेलला, पाच जणांच्या हातून निसटला आणि १४ यार्ड काढले. त्या पाचांपैकी एकाने जरी त्याला धरले असते, तर जायंट्सना तिथे फार तर तीन गुणांचा प्रयत्न करता आला असता.

५/ दुसऱ्या तटाची फिर्यादही तितकीच भक्कम. आरोपी: बिल्सची आक्रमण फळी. त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक, ४२८ गुण करणारा हा संघ. एकाच आठवड्यापूर्वी त्यांनी रेडर्सचा ५१-३ असा धुव्वा उडवला होता. क्वार्टरबॅक जिम केली दोन चालींच्या मध्ये खेळाडूंना घोळक्यात जमू न देता भराभर पुढची चाल रचत असे. प्रतिस्पर्ध्याला श्वास घ्यायला उसंत नसे. आणि अंतिम सामन्यात? तिसऱ्या प्रयत्नावर ८ पैकी केवळ १ यश. १९ गुणांपैकी दोन तर बचावफळीने मिळवलेले: ब्रूस स्मिथने जायंट्सच्या क्वार्टरबॅकला त्याच्याच गोलक्षेत्रात लोळवले, तेव्हाचे. म्हणजे या बलाढ्य फळीच्या खात्यावर उरतात फक्त १७ गुण, आणि त्यांतले तीन नॉरवूडच्या फील्ड गोलचे.

६/ येथवर दोन्ही तट खूश असतील. पण या दोन फिर्यादी शेजारी ठेवून पुन्हा वाचा. दोघेही एकाच घड्याळाविषयी बोलत आहेत. वेगाने खेळणारी आक्रमण फळी तीन प्रयत्नांत अपयशी ठरली, तर घड्याळातले फारसे काही खर्च होत नाही. दमलेली बचावफळी पाणी पिऊन होत नाही तोच पुन्हा मैदानात उभी राहते. आणि दमलेल्या बचावफळीला तिसरा प्रयत्न रोखता आला नाही, तर आक्रमण फळी बाकावर बसून थंड होत जाते. एकाचे अपयश हेच दुसऱ्याच्या अपयशाचे कारण. मग ‘आक्रमण की बचाव?’ हा प्रश्न ‘दोराची गाठ डाव्या टोकाने बांधली की उजव्या?’ असे विचारण्यासारखा आहे.

७/ हे जायंट्सना नेमके कळले होते. सहा आठवड्यांपूर्वी, डिसेंबरात, ते याच बिल्सकडून १७-१३ असे हरले होते. त्या सामन्यात त्यांचा प्रमुख क्वार्टरबॅक फिल सिम्स जायबंदी झाला. अंतिम सामन्यात त्यांच्याकडे होता राखीव जेफ हॉस्टेटलर. वेगाला वेगाने उत्तर देणे त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांच्या संघाने चेंडू शक्य तितका वेळ आपल्याकडे ठेवला. त्यांची आक्रमण फळी हीच त्या दिवशी त्यांची पहिली बचावफळी होती: केली बाकावर असेल तर केली पास देऊ शकत नाही.

८/ बचावाची आखणी बिल बेलिचिक यांची. ती योजना आज कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये जतन केलेली आहे. तिचा गाभा ऐकून त्यांचेच खेळाडू चक्रावले होते: थर्मन थॉमसला धावू द्या, त्याने शंभर यार्ड काढले तरी चालेल, पण पास झेलणाऱ्यांना मोकळे सोडू नका. थॉमसने १५ धावांत १३५ यार्ड काढले, दर धावेला नऊ यार्ड! तरीही बिल्सने त्याला पंधराच वेळा धावायला दिले आणि ३० वेळा पास फेकले. दार उघडे होते. बिल्स आपल्या सवयीच्या खिडकीतून आत शिरू पाहत राहिले.

९/ येथे माझा खरा आक्षेप येतो. दोन्ही तटांच्या कथनात जायंट्स हे पात्रच नाही. आपण हरलो, म्हणजे आपल्यापैकीच कोणीतरी हरवले, असे ते गृहीत धरतात. यात शोकाइतकाच एक छुपा अहंकारही आहे: आम्ही चुकलो नसतो तर आम्हाला कोण हरवणार होते! मराठी वाचकाला हा सूर परका वाटू नये. पानिपताच्या आपल्या चर्चा आठवून पाहा. भाऊसाहेब चुकले की होळकर, यावर रात्री सरतात. आणि अब्दालीने ताजी फौज राखून ठेवून ती नेमक्या वेळी उतरवली, हे वाक्य तळटीपेत जाते. पराभवाला दोन लेखक असतात. त्यांतला एक नेहमी समोरच्या छावणीत बसलेला असतो.

१०/ दुसरा आक्षेप गणिताचा. एका गुणाने हरलेल्या सामन्यात प्रत्येक गुण निर्णायक असतो, म्हणूनच कोणताही एक गुण ‘कारण’ ठरत नाही. ब्रूस स्मिथची ती दोन गुणांची कामगिरी घ्या. त्याने हॉस्टेटलरचे मनगट पकडले होते. हॉस्टेटलरने चेंडू दुसऱ्या हातात घेऊन तो वाचवला. चेंडू तिथे सुटला असता आणि बिल्सच्या हाती लागला असता, तर दोनाऐवजी टचडाउन झाला असता, आणि शेवटी नॉरवूडला मैदानावर यावेच लागले नसते. म्हणजे बचावफळीचा सर्वांत गौरवाचा क्षणही हवा तर ‘दोष’ म्हणून मांडता येतो. ज्या पद्धतीने काहीही सिद्ध होते, तिने काहीच सिद्ध होत नाही.

११/ आणि तरीही लोकस्मृतीने निवाडा दिलाच. आक्रमण आणि बचाव दोघेही सुटले. शिक्षा झाली तिसऱ्याला. का? कारण तो शेवटी आला. जे शेवटी घडले तेच कारण, हा इतिहासलेखनातला सर्वांत जुना आणि सर्वांत सोयीचा प्रमाद. नॉरवूडपुढचे काम तरी काय होते? बफेलोचे घरचे मैदान कृत्रिम गवताचे. टॅम्पाचे खऱ्या गवताचे. अंतर ४७ यार्ड. त्याआधी बिल्सनी २ मिनिटे १६ सेकंद उरले असताना स्वतःच्या १० यार्डांच्या रेषेवरून आरंभ करून ६१ यार्ड काढले होते. आणखी दहा यार्ड मिळाले असते तर प्रयत्न पुष्कळ सोपा झाला असता. ते दहा यार्ड न मिळवणारे कोणाच्या लक्षात नाहीत. ते अंतर ज्याच्या पायाशी येऊन पडले, तो मात्र आहे.

१२/ ‘मग कोणीच जबाबदार नाही का?’ असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. नाही, मी सर्वांना निर्दोष सोडत नाही. गुंतागुंत दाखवून निर्णय टाळणे हाही इतिहासकाराचा पळपुटेपणाच. मला निवाडा विचारलात तर बोट फळीकडे नव्हे, निर्णयाकडे दाखवीन: दर धावेला नऊ यार्ड मिळत असताना तो मार्ग पुरेसा न वापरण्याकडे, आणि आपला वेग आपल्याच बचावफळीला किती महाग पडतो आहे हे डोळ्यांसमोर दिसत असूनही घड्याळ न सांभाळण्याकडे. हे निर्णय आठ सेकंद उरली तेव्हाचे नाहीत. ते दुपारपासून उकळत ठेवलेल्या आणि संध्याकाळी उतू गेलेल्या दुधासारखे आहेत. उतू जाताना जो चुलीजवळ दिसला, त्याला बोल लावून घर मोकळे झाले.

१३/ पण बफेलोच्या बाबतीत एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या दिवशी नायगारा चौकात हजारो लोक हरलेल्या संघाच्या स्वागताला जमले. त्या गर्दीने एकच घोष धरला: आम्हाला स्कॉट हवा. नॉरवूड पुढे आला, गहिवरला, बोलला. ज्या शहराचे सर्वाधिक नुकसान झाले होते, त्याने पहिल्याच दिवशी बरोबर इतिहास लिहिला. चुकीचा इतिहास पुढच्या वर्षांत, दूरच्या लोकांनी, त्या एका फटक्याच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा दाखवून लिहिला. चित्रफीत आठ सेकंदांची असते. चाळीस मिनिटे तेहतीस सेकंदांची चित्रफीत कोणी दाखवत नाही.

१४/ आणखी एक दिवस लक्षात ठेवावा: १२ जानेवारी १९९२. पुन्हा सुपर बोलचे दार, समोर डेन्व्हर ब्रॉन्कोज. बिल्सच्या त्याच नामांकित आक्रमण फळीला त्या दिवशी एकही टचडाउन करता आला नाही. टचडाउन केला बचावफळीतल्या कार्लटन बेलीने, प्रतिस्पर्ध्याचा पास हिसकावून. उरलेले तीन गुण ४४ यार्डांवरून आले. निकाल १०-७. ते तीन गुण करणाऱ्याचे नाव स्कॉट नॉरवूड. हा फटका किती जणांना आठवतो? जिंकलेल्या सामन्यात ‘आक्रमण की बचाव’ असा वाद होत नाही. श्रेयाचा हिशेब कोणी इतक्या बारकाईने मागत नाही.

१५/ बिल्स त्यानंतर आणखी तीन सुपर बोल ओळीने हरले, तेही मोठ्या फरकाने. वॉशिंग्टनकडून ३७-२४, डॅलसकडून ५२-१७ आणि पुन्हा डॅलसकडूनच ३०-१३. चारपैकी तीन पराभवांत एका फटक्याचा प्रश्नच नव्हता. तरीही चारही पराभवांची ओळख म्हणून जगाने ‘वाइड राइट’ हेच शब्द निवडले. लोकस्मृती पुरावा तोलत नाही. ती नाट्य तोलते.

१६/ शेवटी एक तपशील, जो मला आमच्या विषयाच्या अभिमानाने सांगावासा वाटतो. त्या बिल्सचे प्रशिक्षक मार्व्ह लेव्ही हे हार्वर्डचे, इंग्लंडच्या इतिहासाचे पदव्युत्तर पदवीधर. पुढच्या वर्षी नॉरवूडला त्यांच्याच संघात जागा होती. वरचे ते ४४ यार्ड त्यातूनच आले. घटनाक्रमातला शेवटचा माणूस आणि घटनेचे कारण यांत फरक करणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे पहिले काम. पुढच्या वेळी तुमचा संघ शेवटच्या क्षणी हरेल, तेव्हा ‘कोणी घालवला?’ असे विचारण्याआधी एवढेच विचारा: समोरच्याने काय केले, आणि त्या वेळी घड्याळ कोणाकडे होते?