रेडिओ आपला हवा, पण चोरटा कशाला?



शिरूर आणि दौंडच्या तरुण कार्यकर्त्यांनी अलीकडच्या बैठकांत एक विषय लावून धरला आहे. मध्यम लहरींचा छोटा ट्रान्समीटर थोड्या पैशांत जुळवता येतो, मोटारीच्या बॅटरीवर चालतो, मग परवान्याची वाट कशाला बघायची? बाजारभाव, पाऊस, बोंडअळी, विजेच्या पाळ्या, सभेचा निरोप, सारे आपल्याच बोलीत सांगू. कल्पना मनाला भिडणारी आहे. रब्बी ज्वारी पेरायची ओल चार दिवसांत उडते आणि त्या चार दिवसांतला सल्ला पाचव्या दिवशी येऊन उपयोग नसतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. लायसन-परमिटच्या राज्याविरुद्ध बोलणाऱ्यांनी ही कल्पना हसण्यावारी नेणे शोभणारही नाही. म्हणून आम्ही कागदावर हिशेब मांडला.

अमेरिकेत ५१० ते १७०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात परवान्याशिवाय बोलता येते, हे खरे आहे. पण किती? १०० मिलिवॉट शक्ती आणि तीन मीटरचे एरियल, एवढेच. एक हजार किलोहर्ट्झची लहर ३०० मीटर लांब असते. तिला नीट हवेत सोडायचे तर लांबीच्या चौथाईइतका, म्हणजे ७५ मीटरचा मनोरा लागतो. तीन मीटरच्या तारेतून शंभरातला एक भागही हवेत जात नाही, बाकीची शक्ती जमिनीत जिरते. आवाज फार तर वस्तीपुरता पोचेल. तेवढ्यासाठी देवळावरचा भोंगा पुरेसा आहे.

मग शक्ती वाढवा, असे कोणी म्हणेल. दहा वॉट, १५ मीटरचा खांब आणि त्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारांचे जाळे, एवढे केले तर दिवसा पाचेक किलोमीटर ऐकू येईल. पावसाळ्यात काळी जमीन ओली असते, तेव्हा अर्थिंग चांगले मिळते. एप्रिलमध्ये तिला भेगा पडल्या की पल्ला आखडतो. मुरमाड रानात तर विचारूच नका. रात्री दूरची मोठी केंद्रे आकाशातून परतून येतात आणि आपल्या दहा वॉटांना गिळतात. डीपीजवळ आणि मोटारींच्या स्टार्टरजवळ खरखर असतेच. शिवाय विहिरीवरची केबल जिथे रात्रीत कापून नेतात, तिथे तांब्याचे जाळे किती रात्री टिकेल? शिरूर ते दौंड सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या पुढे आहे. एका खांबाने दोन तालुके जोडले जाणार नाहीत.

कार्यकर्ते १९४२ चा दाखला देतात. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला, जागा बदलत चालवला. ऑगस्टमध्ये उभा राहिलेला तो रेडिओ १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडला गेला. ट्रान्समीटरची गंमत अशी की तो बोलू लागला की स्वतःचा पत्ताही सांगतो, आणि लहर कोठून येते ते शोधणारी यंत्रे पोलिसांकडे तेव्हाही होती. ती लढाई परक्या सरकारशी होती आणि तुरुंग गृहीत धरून लढली होती. आमच्या एखाद्या पोराच्या घरी जप्ती येऊन खटला उभा राहिला, तर तारखांना पुण्याला कोण जाणार? कायदेभंग करायचाच झाला तर तो उघड, गावासमोर, मागणी लिहून करू. माळ्यावर लपवून नव्हे.

मागणीला आधारही आहे. न्यायमूर्ती पी. बी. सावंत ज्या खंडपीठावर होते, त्याने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल दिला. तरी १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा पुढे कित्येक वर्षे तसेच राबले. २०२३ चा दूरसंचार कायदा आला, पण परवानगीची दोरी सरकारच्याच हाती राहिली. मालमत्ता जनतेची आणि कुलूप दिल्लीचे, हा प्रकार कापूस-कांद्याच्या निर्यातीवरून आपल्या ओळखीचा आहे.

सध्या उघडा असलेला रस्ता सामुदायिक रेडिओचा आहे. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना त्याचा परवाना मिळू शकतो. शक्ती १०० वॉटपर्यंत आणि लहर एफएमची. ही लहर तीन मीटरची असल्याने एरियल लहान पुरते. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी याच वाटेने २००८ मध्ये सुरू झाली. पण या वाटेवर काटेही आहेत. स्वतःच्या बातम्या आणि राजकीय मजकूर देता येत नाही, आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या लावता येतात. म्हणजे बोंडअळीवर बोला, भावावरच्या आंदोलनाचा विषय काढू नका! ही अट आम्हाला मान्य नाही. तरी निम्मे काम तिच्यासकट होते.

पुणे आकाशवाणीने १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या गावांत शेतकरी श्रोतृमंडळे बसवली होती. लोक एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग चर्चा करत आणि शंका पुण्याला कळवत. केंद्र सरकारी होते, पण प्रश्न गावाचे होते. आम्हाला ट्रान्समीटरपेक्षा ती बैठक जास्त मोलाची वाटते.

पुढच्या जिल्हा बैठकीत दोन ठराव मांडत आहोत. एक, शेतकरी गटांना दिवसा दहा वॉटपर्यंत मध्यम लहरींवर परवान्याशिवाय बोलू द्यावे. दोन, सामुदायिक रेडिओच्या अर्जासाठी तीन वर्षे जुनी, कोणत्याही पक्षाला न जोडलेली नोंदणीकृत संस्था दोन्ही तालुक्यांत शोधावी. येताना प्रत्येक गावाने एवढेच मोजून आणावे: किती घरांत मध्यम लहर पकडणारा चालू रेडिओ आहे, आणि किती घरांत फक्त मोबाइल आहे.