हरवलेले वर्कफ्लो, सांभाळलेल्या पोथ्या

संगणकाच्या वापराबरोबर जे शब्द आपल्या बोलण्यात रुळले, त्यांपैकी 'सिंक' ह्या शब्दाइतका गैरसमज दुसऱ्या कोणत्याही शब्दाने पसरवला नसेल, असे आमचे मत आहे. फाइल क्लाउडवर आहे म्हणजे ती सुरक्षित आहे, हे समीकरण चांगले शिकलेसवरलेले लोकही निःशंकपणे मांडतात. छायाचित्रे किंवा पत्रव्यवहार ह्यांच्या बाबतीत त्याचा फोलपणा लवकर ध्यानात येतो, कारण त्या गोष्टी आपण पाहत असतो. ज्या गोष्टी केवळ वापरल्या जातात, पाहिल्या जात नाहीत, त्यांचे हरवणे मात्र फार उशिरा कळते. अशा गोष्टींपैकी एक म्हणजे माणसांनी स्वतःच्या कामासाठी रचलेले छोटे छोटे स्वयंचलित कृतिक्रम, म्हणजेच वर्कफ्लो.

साहित्याला वाहिलेल्या पानावर हा विषय कशासाठी, असा प्रश्न येईल. वर्कफ्लो हेदेखील एक लेखन आहे, हे आमचे त्यावर उत्तर. उदाहरण मराठीतलेच घेऊ. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत अडकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम अनेक संपादक आजही करत असतात. त्या टंकांत अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत. म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, तर रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हे क्रम उलटे करावे लागतात. त्यानंतर 'दऱ्या', 'वाऱ्यावर' ह्यांतल्या अर्ध्या ऱ चा प्रश्न येतो. हे अक्षर दोन वेगवेगळ्या सांकेतिक क्रमांनी लिहिता येते. डोळ्याला फरक दिसत नाही, परंतु संगणकाच्या शोधाला ते बहुधा दोन भिन्न शब्द वाटतात. एवढ्यावरही भागत नाही. टंकलेखकाला हे अक्षर उमटवता आले नसेल, तर त्याने सरळ रफार दिलेला असतो. आणि मग 'आचार्यांना' हा शब्द विद्वानांविषयी आहे की स्वयंपाक्यांविषयी, हे मागचेपुढचे वाक्य वाचूनच ठरते. जाणता संपादक आपल्या वर्कफ्लोमध्ये अशा शब्दांची यादी ठेवतो आणि संगणकाला सांगतो, 'इथे बदल करू नकोस, थांब आणि मला विचार.'

अशी यादी एका दिवसात होत नाही. प्रत्येक पुस्तकागणिक तिच्यात चार शब्दांची भर पडते. काही वर्षांनी तिच्यात एका माणसाचा भाषेचा अनुभव साठलेला असतो, मात्र तिला कोणी ग्रंथ म्हणत नाही, कर्तासुद्धा नाही. म्हणून तिची प्रत निराळी काढून ठेवावी असे कोणाच्या मनात येत नाही. 'ते सिंक होते आहेच', असे म्हणून विषय संपतो.

आता सिंक नेमके काय करते ते पाहू. दोन ठिकाणच्या फाइली एकसारख्या ठेवणे, एवढेच त्याचे व्रत. इकडे ओळ वाढली की तिकडे वाढवायची, इकडे फोल्डर नाहीसे झाले की तिकडेही नाहीसे करायचे. फोल्डर मालकाने विचारपूर्वक काढले, की एखाद्या बिघाडाने ते रिकामे दिसले, हा भेद करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. पुसण्याची आज्ञा ते लिहिण्याच्या आज्ञेइतक्याच प्रामाणिकपणे पाळते.

येथे आम्हांला हस्तलिखितांच्या परंपरेची आठवण होते. एका मठातल्या पोथीला वाळवी लागली, म्हणून दुसऱ्या गावच्या मठातली पोथी त्याच रात्री आपोआप कोरी होत नसे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर तीन शतकांच्या नकलांत पुष्कळ अपपाठ शिरले होते. तरीही शुद्धीचे काम शक्य झाले, ह्याचे एक कारण असे, की प्रती एकमेकींपासून स्वतंत्र होत्या. एकीतली चूक दुसरीत असेलच असे नव्हते, म्हणून ताडून पाहता येत होते. नकलाकारांच्या आळसाला आणि प्रमादांना आपण नावे ठेवतो. परंतु त्या प्रतींमधले अंतर हेच ग्रंथाचे संरक्षण होते. सिंकने नेमके हे अंतर नाहीसे केले. चार उपकरणांवर दिसणाऱ्या चार फाइली ह्या चार प्रती नव्हेत. ती चार खिडक्यांतून दिसणारी एकच प्रत आहे.

हे केवळ तर्काने म्हणतो आहोत असे नाही. २०१४ साली ड्रॉपबॉक्सच्या संगणकावरील जुन्या आवृत्त्यांत एक दोष उघडकीस आला. कोणती फोल्डरे संगणकावर ठेवायची आणि कोणती केवळ क्लाउडवर, ही निवड अमलात येत असताना आज्ञावली मध्येच बंद पडली, तर काही फाइली मुळातूनच पुसल्या जात. बाधितांना कंपनीने वर्षभराची सशुल्क सेवा विनामूल्य दिली. सगळ्यांच्या सगळ्या फाइली मात्र परत आल्या नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुगल ड्राइव्हच्या संगणकावरील आज्ञावलीच्या ८४व्या आवृत्तीत सिंकचा घोटाळा झाला आणि काही वापरकर्त्यांना कित्येक महिन्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्या. तेव्हा गुगलने दिलेली सूचना मननीय आहे: खाते तोडू नका आणि संगणकावरील ड्राइव्हच्या आज्ञावलीचे विद्याचे फोल्डर हलवू किंवा काढू नका. पुढे डिसेंबरात आलेले पुनर्प्राप्तीचे साधन ह्याच स्थानिक साठ्यावर अवलंबून होते. ज्या क्लाउडच्या भरवशावर आपण घरचा संगणक निश्चिंतपणे पुसतो, त्या क्लाउडला अडचणीच्या वेळी घरच्या संगणकाचाच आधार घ्यावा लागला.

वर्कफ्लोच्या बाबतीत पुनर्प्राप्ती म्हणजे काय, हे मॅकवरील आल्फ्रेड ह्या आज्ञावलीच्या उदाहरणाने सांगता येईल. २०१३ साली आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीपासून तिच्यात वर्कफ्लो रचता येतात. तिच्या साऱ्या मांडणीचे फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये ठेवून ते दोन संगणकांवर वापरण्याची पद्धत जुनी आहे. सिंक बिघडले आणि यादी रिकामी दिसू लागली, की घाबरून पुन्हा पुन्हा सिंक करून पाहण्याकडे माणसाचा कल असतो. करायचे ते नेमके उलट. प्रथम सिंक थांबवावे. दुसरा संगणक अजून उघडलेला नसेल, तर त्याचे नेट तोडूनच तो उघडावा. त्यावर कालची प्रत जिवंत असण्याचा संभव असतो. मग ड्रॉपबॉक्सच्या संकेतस्थळावर पुसलेल्या फाइली पाहाव्यात. साध्या खात्यात त्या ३० दिवस राहतात. नंतर हा मार्ग बंद होतो. 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असे शेपूट लागलेल्या फाइलींना कचरा समजू नये. दोन संगणकांवर एकाच वेळी बदल झाले असता वेगळी ठेवलेली ती प्रत असते, आणि हवा तो मजकूर कधी कधी तिच्यातच सापडतो.

ह्या शोधात एक अडचण अशी, की वर्कफ्लोच्या फोल्डराला आपण दिलेले नाव नसते. 'युजर.वर्कफ्लो' आणि त्यापुढे अंक-अक्षरांची लांबलचक माळ, अशी सगळी नावे एकाच चेहऱ्याची. प्रत्येकातली 'इन्फो' नावाची फाइल उघडून वाचली, म्हणजे आत कोणता वर्कफ्लो आहे ते कळते. वेष्टनावर नाव नसलेल्या पोथ्यांचे गाठोडे सोडण्यासारखेच हे काम आहे. सुदैवाने ही फाइल साध्या मजकुराची असते, माणसाला वाचता येते. आणखी एक फसवणूक नव्या काळातली. २०२२ सालच्या मॅकओएस १२.३ पासून क्लाउड सेवांना ॲपलने ठरवून दिलेल्या नव्या पद्धतीकडे वळावे लागले. तीत फाइलीचे नाव संगणकावर दिसते, मजकूर मात्र क्लाउडवरच राहिलेला असू शकतो. अशा फोल्डराची नक्कल जपून ठेवली आणि मजकूर आधी उतरवून घेतला नसेल, तर आपण नुसती नावेच जपतो.

एवढे करून फाइल मिळाली, तरी वर्कफ्लो मिळालाच असे नाही. त्याच १२.३ आवृत्तीत ॲपलने पायथन भाषेची जुनी, दुसरी आवृत्ती मॅकमधून काढून टाकली. तिच्यावर विसंबलेले कितीतरी वर्कफ्लो एका रात्रीत मुके झाले. महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपीत असल्यामुळे दीर्घकाळ बाहेरच्यांना पोथी हातात असून वाचता येत नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा तो मार्ग खुला झाला. मिळालेल्या वर्कफ्लोचेही असे होते. 'हा शब्द वगळ' असा नियम सापडतो, परंतु तो का वगळायचा, हे नियमात लिहिलेले नसते.

ह्या संदर्भात लीळाचरित्राचा दाखला आम्हांला महत्त्वाचा वाटतो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ पोथी धामधुमीत हरवली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे पंथाची परंपरा सांगते. त्यातून पाठभेद निर्माण झाले, तरी ग्रंथ उरला, कारण तो माणसांच्या तोंडी होता. आपले वर्कफ्लो कोणाच्याच तोंडी नसतात. काम यंत्राकडे सोपवावे आणि आपण विसरून जावे, हाच त्यांचा हेतू. विस्मरणाची ही सोय घेतली, म्हणजे स्मरणाची काही तरतूद वेगळी करणे भाग आहे.

'बॅकअप घेतला नाही, आता भोगा', असे म्हणणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. 'तुमच्या फाइली कुठेही, केव्हाही, सुरक्षित' अशा भाषेत सेवा विकायची आणि नुकसान झाले की सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हा धडा ग्राहकाला शिकवायचा, हे न्याय्य नाही. एकाच वेळी शेकडो फाइली नाहीशा होत असतील, तर ती आज्ञा अमलात आणण्यापूर्वी सेवेने मालकाला विचारले पाहिजे, अशी आमची मागणी आहे. आपला संपादक आपल्या वर्कफ्लोला एका शब्दापुरते 'थांब आणि विचार' हे शिकवू शकतो. मोठमोठ्या कंपन्यांना ते अशक्य असेल असे वाटत नाही.

राहिला वापरकर्त्याचा वाटा. महिन्यातून एकदा वर्कफ्लो निर्यात करून, सिंकशी संबंध नसलेल्या एखाद्या पेनड्राइव्हवर तारखेनिशी ठेवावेत. आधीची प्रत पुसू नये. आणि प्रत्येक वर्कफ्लोसोबत साध्या मराठीत पानभर टिपण लिहावे: हे काय करते, कोणत्या क्रमाने करते, कोणते शब्द वगळले आहेत आणि का. संगणक बदलेल, आल्फ्रेड राहील न राहील, पायथनची आणखी एखादी आवृत्ती जाईल. ते पान हाती असले, तर दुसरा एखादा संपादक दुसऱ्या एखाद्या यंत्रावर तेच काम पुन्हा उभे करू शकेल.