खुले तंत्र, बंद दार

ज्ञान विनामूल्य वाटले, एवढ्याने ते मुक्त होते काय? व्हिडिओचा प्रचंड आकार आक्रसल्याखेरीज तो इंटरनेटवरून धाडता येत नाही. गूगलने २०१० साली ऑन२ ही कंपनी विकत घेऊन तिचे व्हीपी८ हे आक्रसण्याचे तंत्र सर्वांना खुले केले. लगेच २०११ मध्ये, प्रतिस्पर्धी एच.२६४ तंत्राच्या पेटंटांचे परवाने विकणाऱ्या एमपेग एलए संस्थेने व्हीपी८वर हक्क सांगू शकणाऱ्या पेटंटधारकांना जाहीर आवाहन केले. खटला भरण्याची गरजच नव्हती. धास्ती पुरेशी होती.

अखेर २०१३ साली गूगलने अकरा पेटंटधारकांशी तडजोड करून परवाना मिळविला. तडजोडीबाहेर राहिलेल्या नोकियाचा एचटीसीविरुद्धचा दावा जर्मनीतील मानहाइमच्या न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळला. पुढे २०१८ साली एव्ही१ हे नवे खुले तंत्र आले. दुसऱ्याच वर्षी सिसवेल कंपनीने त्यावरही पेटंटशुल्क मागितले.

बलाढ्य कंपन्या तडजोड करू शकतात, न्यायालयात झुंजू शकतात. परंतु पदरचा वेळ खर्चून आज्ञावली लिहिणाऱ्या एकट्या माणसाने कोणाच्या दारी जावे? संशोधन जाहीर करण्याच्या मोबदल्यात समाज संशोधकाला मुदतबंद मक्तेदारी देतो, तेच पेटंट. ते दडवून ठेवायचे शस्त्र होऊ नये. तंत्र खुले होताच ठरावीक मुदतीत हक्क सांगावा, अन्यथा त्यापुरता तो गमवावा, असा कायदा हवा. तोवर खुले तंत्र धनवंतांच्या कृपेवरच जगेल, आणि कृपा केव्हाही काढून घेता येते.