जिवाणूंची डागडुजी आणि आपल्या दोन गोळ्या

पावसाळा सुरू झाला की आमच्या धानोऱ्यात जुलाबाचे रुग्ण वाढतात. बरेच जण दवाखान्यात येण्यापूर्वीच मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या दोन गोळ्या घेऊन मोकळे झालेले असतात. बरे वाटले की उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी कपाटात! माझ्या मते ही सवय जुलाबापेक्षा घातक आहे. का, ते समजून घेण्यासाठी जिवाणूच्या पेशीत डोकवावे लागेल.

जिवाणूचा डीएनए म्हणजे एक लांबलचक धागा. त्यात गुंता होऊ नये म्हणून गायरेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, तो कापते आणि लगेच सांधते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या विकराला कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवते. धागा तुटतो व जिवाणू मरतो.

परंतु जिवाणूजवळ डागडुजीची सामग्री असते. धागा तुटल्याचे रेक-ए नावाच्या प्रथिनाला कळते आणि एरवी बंद असलेली दुरुस्तीची यंत्रणा सुरू होते. शास्त्रज्ञ तिला ‘एसओएस’ म्हणतात, बुडत्या जहाजाची हाकच ती! या घाईत काही विकरे धागा कसाबसा पुरा करतात आणि त्यात चुका राहतात. औषधाची मात्रा पुरेशी असेल तर बहुतेक जिवाणू मरतात. मात्रा अपुरी पडली तर काही वाचतात. एखादी चूक नेमकी गायरेजच्या जीनमध्ये झाली, तर औषधाला तेथे पकडच मिळत नाही. असा जिवाणू वाढतो आणि शौचातून, पाण्यातून शेजाऱ्याच्या घरी पोहोचतो.

ही डागडुजी किती जबरदस्त असू शकते? १९५६ साली अमेरिकेत, किरणोत्सर्गाने निर्जंतुक करूनही नासलेल्या मांसाच्या डब्यात डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू सापडला. माणसाला ५ ग्रे किरणोत्सर्ग प्राणघातक ठरू शकतो; हा ५००० ग्रे पचवतो. डीएनएचे शंभराहून अधिक तुकडे झाले तरी तो ते पुन्हा जुळवतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्याच्या दुरुस्ती-प्रथिनांवर संशोधन झाले आहे. तो रोग करत नाही. रोग करणाऱ्या जिवाणूंची सामग्री इतकी भक्कम नाही, पण आपल्या दोन गोळ्यांना ती पुरून उरते. डीएनए दुरुस्तीच्या संशोधनाला २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

नुकसान किती होते, याचे उदाहरण विषमज्वराचे. १९९० च्या दशकात टायफॉइडवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन हुकमी औषध होते. गायरेजच्या जीनमधील बदलांमुळे आज भारतात त्यावर भरवसा ठेवता येत नाही; महागडी औषधे, प्रसंगी इंजेक्शने द्यावी लागतात. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला हा भुर्दंड परवडत नाही.

हे औषध कायद्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पाकिटावरील उभी लाल रेघ हेच सांगते. दुकानदारांनी नियम पाळावा, आणि आम्हा डॉक्टरांनीही रुग्णाच्या आग्रहाखातर प्रतिजैविके लिहू नयेत.

साध्या जुलाबावर, विशेषतः लहान मुलांच्या, जलसंजीवनी हेच पहिले औषध. जोडीला डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकची गोळी. शौचावाटे रक्त, जोराचा ताप, सुस्ती किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. प्रतिजैविक दिलेच, तर सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेले दिवस घ्यावे. अर्धवट घाव घातला, तर जिवाणू तो सांधतो आणि शहाणा होऊन परततो.