एसटीच्या पलीकडचे गणपतराव

गणपतराव देशमुख सांगोला मतदारसंघातून अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले आणि प्रत्येक वेळी शेतकरी कामगार पक्षाकडूनच. १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशी ही यादी. मध्ये १९७२ आणि १९९५ चे दोन पराभव. हा देशातला सर्वोच्च विक्रम असल्याचे आपल्याकडे सर्रास छापले जाते. ते खरे नाही. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले आणि केरळमधले के. एम. मणी तर पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा. पण करुणानिधी मुख्यमंत्री होते आणि मणी वर्षानुवर्षे अर्थमंत्री. देशमुखांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. निधी, बदल्या आणि मंजुऱ्या हाती नसताना पन्नास वर्षांहून अधिक काळ एक दुष्काळी तालुका आपल्यामागे कसा ठेवता येतो, याचे उत्तर ते एसटीने मुंबईला जात, या नेहमीच्या कौतुकात सापडत नाही.

१० ऑगस्ट १९२६ रोजी मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे त्यांचा जन्म झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते सांगोल्यात वकिली करू लागले. तालुक्याच्या कोर्टातला वकील जमिनीचे, बांधाचे, कर्जाचे तंटे रोज ऐकतो आणि गावोगावची माणसे नावानिशी ओळखू लागतो. ‘आबा’ या नावाने ते तालुक्यात ओळखले गेले, त्याची सुरुवात तिथली.

शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, तेव्हा लहान पक्ष नव्हता. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी काँग्रेसबाहेर पडून उभारलेल्या या पक्षाने १९५० च्या दाभाडी प्रबंधात मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. पुढे खुद्द जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात शेकापचे कितीतरी कार्यकर्ते सामावले गेले. ही ओहोटी चालू असतानाच देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले. सत्तेच्या बाजूने जाण्याची वाट उघडी असताना ते पक्षात राहिले. पक्षांतरबंदी कायदा यायला तेव्हा तेवीस वर्षे बाकी होती.

सांगोल्यात धनगर समाज मोठ्या संख्येने आहे आणि देशमुख त्याच समाजाचे होते. श्रद्धांजलीच्या लेखांत ही बाब सहसा येत नाही. ती वगळून या मतदारसंघाचे राजकारण समजत नाही. मात्र तेवढ्यावर भागले असते, तर १९९५ मध्ये शहाजीबापू पाटील यांच्याकडून १९२ मतांनी ते हरले नसते.

पहिला पराभव १९७२ चा. त्या वर्षीच्या दुष्काळात माणदेश होरपळत असताना ते सभागृहाबाहेर होते आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले. त्या दुष्काळातूनच रोजगार हमीचा कायदा आला. विधिमंडळाने तो १९७७ मध्ये मंजूर केला. १९७७-७८ मध्ये देशमुख विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ मध्ये पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात ते मंत्री झाले. दुसऱ्या वेळी पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. दोन्ही मंत्रिपदे अल्पकाळाची. त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप मंत्रालयात करून चालणार नाही.

विरोधी आमदाराची हत्यारे मोजकी असतात: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना. यांतून पैसा मिळत नाही. उत्तर मात्र मिळते, आणि लेखी उत्तराला सरकार बांधले जाते. एकच प्रश्न दहा अधिवेशनांत विचारायची चिकाटी असेल, तर फाइल हलते. सांगोल्याच्या बाबतीत तो प्रश्न पाण्याचा होता. जेमतेम पाचशे मिलिमीटर पावसाच्या या तालुक्यातून वाहणारी माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीला भरू लागलेल्या दुष्काळी तेरा तालुक्यांच्या पाणी परिषदेत देशमुख बिनीला होते. कृष्णेच्या पाण्यात या तालुक्यांचाही समान वाटा आहे, ही त्या परिषदेची मागणी. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादाने दिलेले पाणी २००० सालापर्यंत अडवण्याची घाई सरकारला होती. त्या घाईने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ आले आणि टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांना वेग आला. कराडजवळून उचललेले पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवत सांगोल्याकडे आणायचे, म्हणजे विजेचे बिल आलेच. बिल कोणी भरायचे, यावरून योजना पुढेही अडत राहिल्या. पाणी आले, पण फार उशिरा. काही गावांत अजूनही पोचायचे आहे. आमदार सत्तेत असता तर ते लवकर आले असते का, हा विरोधकांचा आक्षेप होता आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

दरम्यान तालुका थांबला नाही. १९९० मध्ये फळबाग लागवडीला रोजगार हमीची जोड मिळाली आणि सांगोल्याच्या हलक्या, मुरमाड रानात डाळिंब रुजले. ठिबकवर वाढणाऱ्या या पिकाने माळरानाच्या मालकाला बाजारात पत दिली. तेल्या रोगाने पुढे तीच पत हिसकावलीही. देशमुखांच्या नावावर अधिक ठामपणे मांडता येते ती शेतकरी सहकारी सूतगिरणी. कापसाचा पट्टा नसलेल्या तालुक्यात सूतगिरणी काढणे कागदावर वेडेपणाच होता. राज्यातल्या कित्येक सहकारी गिरण्या कर्जात बुडून बंद पडत असताना ही चालली, कारण नेत्याने तिला खासगी तिजोरी बनवले नाही. साधेपणाचा खरा हिशेब इथे लागतो. एसटीतला प्रवास डोळ्यांना दिसतो, गिरणीचा ताळेबंद दिसत नाही.

या राजकारणाची कमकुवत बाजू वारशाची. २०१४ मध्ये वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते २५ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. २०१९ मध्ये ते थांबले तेव्हा पक्षाने उमेदवारी त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांना दिली. रायगड वगळता शेकाप तोवर जवळपास आटला होता. सांगोल्यातही घराबाहेरचा दुसरा चेहरा उभा राहिलेला नव्हता. शहाजीबापू पाटील शिवसेनेकडून ७६८ मतांनी जिंकले. २०२२ मध्ये शिवसेनेतील बंडाच्या वेळी गुवाहाटीहून केलेल्या, तिथल्या झाडी-डोंगरांवरच्या फोनसंभाषणामुळे ते राज्यभर गाजले, आणि एकाच पक्षात आयुष्य काढलेल्या आमदाराचा मतदारसंघ शिवसेनेच्या फुटीच्या बातम्यांत झळकला. देशमुख ते पाहायला नव्हते. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले होते.

२०२४ मध्ये देशमुख घराण्यातलेच बाबासाहेब देशमुख यांनी सांगोल्याची जागा परत घेतली. २८८ जणांच्या सभागृहात त्या वेळी निवडून आलेले शेकापचे ते एकमेव आमदार.