घरातील वर्ग

कोकणात गणपतीच्या मूर्ती जेथे घडविल्या जातात, त्या जागेलाही 'शाळा' असेच म्हणतात. २०२० सालच्या श्रावणात गावोगावच्या या शाळांत माती मळली जात होती, मूर्तींवर रंग चढत होते. मुलांच्या शाळांना मात्र मार्च महिन्यापासून कुलपे होती. करोनाच्या साथीमुळे मुले घरी बसली होती आणि १५ जूनला सुरू झालेले नवे वर्ष मोबाईलच्या लहानशा पडद्यावर चालले होते. शाळा अशी घरात आली, तेव्हा पुष्कळांना ती सोय वाटली. जाण्यायेण्याचा त्रास नाही, गणवेशाची घाई नाही. मग अडचण ती कसली? परंतु शाळा आणि संसार एकाच छपराखाली नांदू लागले, म्हणजे एकाने दुसऱ्याला किती जागा द्यावी, हा प्रश्न उभा राहतोच. सणाच्या दिवसांत तर तो टाळूनही टळत नाही.

मुंबईतील एका शाळेत सहावीला गणित शिकविणाऱ्या बाईंचे उदाहरण घेण्यासारखे आहे. त्यांचे सासर सिंधुदुर्ग जिल्ह्यात. वर्षातून एकदा, गणपतीला, सारे कुटुंब गावच्या घरी जमावयाचे, हा नेम कधी मोडला नव्हता. त्या वर्षी चतुर्थी २२ ऑगस्टला होती. १२ ऑगस्टपूर्वी कोकणात पोहोचणाऱ्यांनी दहा दिवस विलग राहावे आणि त्यानंतर निघणाऱ्यांनी चाचणी करून घ्यावी, असे शासनाने ठरविले होते. बाई ११ तारखेलाच गावी पोहोचल्या. तास बुडवावयाचे नाहीत, असा त्यांचा निश्चय होता. घराच्या माळ्यावर, एका खिडकीपाशी तेवढी रेंज येई. तेथे जुन्या पेटीवर मोबाईल उभा करून त्या रोज सकाळी शिकवू लागल्या.

खाली सणाची तयारी चाले. भिंतीला रंग, भांड्यांना चिंच, मोदकांसाठी तांदळाची पिठी. शिकविता शिकविता बाईंच्या मनात खालचा हिशेब चालू असे, आणि खाली काम करताना वरचा. एकदा त्यांनी गुणोत्तराचा पाठ उकडीवरूनच शिकविला. एक वाटी पिठी घेतली, तर पाणी किती? एकच वाटी. मग पाच वाट्यांना किती? मुलांना तो पाठ फार आवडला. कित्येकांनी आपल्या आईला विचारून पडताळाही घेतला. घर वर्गात असे डोकावले, तर त्यात बिघडत काही नाही. शिक्षक हाही कोणाच्या तरी घरचा माणूस असतो, एवढे मुलांना कळले तर चांगलेच आहे.

परंतु सारेच दिवस असे गेले नाहीत. २० ऑगस्टला माटवीचे सामान येऊन पडले. नारळ, सुपारीचे घड, कवंडळे, तेरड्याची फुले. सारे निवडून बांधावयाचे होते. पाऊस कोसळत होता, माणसे कमी होती. सासूबाईंनी खालून दोनदा हाक मारली. बाईंनी तासाला पाच मिनिटे असताना संदेश पाठविला, "आज तास होणार नाही," आणि त्या जिना उतरल्या. माटवी सुरेख सजली. कोणी त्यांना दोष दिला नाही.

संध्याकाळी एका विद्यार्थ्याचा निरोप आला. "बाई, मी थांबलो होतो. आज बाबा फोन घरी ठेवून गेले होते."

या मुलाचे वडील बसचालक. त्या दिवसांत मुंबईच्या लोकलगाड्या सर्वांना खुल्या नव्हत्या; अत्यावश्यक कामावरच्या माणसांची पुष्कळशी ने-आण बसच करीत होती. घरात फोन एकच. ज्या दिवशी मुलाचा तास असे, त्या दिवशी वडील फोनावाचून कामावर जात. साथीच्या काळात आठ-दहा तास घरची खबर न कळता बस चालविणे ही लहान गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, एका तासाचे एवढे काय? शाळेच्या इमारतीतही शिक्षक गैरहजर राहतातच. खरे आहे. पण तेथे शिक्षक आला नाही, तर ते सर्वांना दिसते. मुले गोंगाट करतात, शेजारच्या वर्गातील शिक्षक डोकावतात, मुख्याध्यापक दुसऱ्या कोणाला तरी धाडतात. मोबाईलवरचा तास रद्द झाला, तर कोठेही गोंगाट होत नाही. रिकाम्या पडद्यासमोर बसलेले मूल कोणाला दिसत नाही, आणि म्हणूनच असा तास रद्द करणे फार सोपे होऊन बसते. बाईंची चूक सणाकडे लक्ष दिले यात नव्हती. तो तर त्यांचा हक्कच होता. दोन दिवस आधी जे सांगता आले असते, ते त्यांनी पाच मिनिटे आधी सांगितले, हे चुकले.

मात्र दोष एकट्या बाईंच्या पदरी बांधणेही न्यायाचे नाही. शाळा घरात आल्यापासून शाळा सुटण्याची घंटाच नाहीशी झाली होती. रात्री दहाला वह्यांची छायाचित्रे येत, रविवारी पालकांचे फोन येत. "तुम्ही घरीच तर आहात," हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकले असेल, ते त्यांनाच ठाऊक! दिवसभर आणि रातभर ज्याने उपलब्ध असावे अशी अपेक्षा असते, तो माणूस केव्हा तरी भलत्याच वेळी हात सोडतो. सुट्टी उघडपणे मिळाली नाही, की ती अशी तासातून चोरली जाते.

२१ तारखेला, हरतालिकेच्या दिवशी, बाईंनी त्या मुलाच्या वडिलांना कामावरून परतण्याच्या वेळी फोन केला आणि चूक कबूल केली. "पोराला सांगतो," एवढेच ते म्हणाले. मग बाईंनी वर्गाला दोन गोष्टी कळविल्या. गौरी-गणपतींचे विसर्जन २७ तारखेला होईतो तास नाही, आणि कोणत्याही संदेशाला उत्तरही मिळणार नाही. त्यानंतरच्या आठवड्याचे सर्व तास, वार आणि वेळ घालून, त्यांनी त्याच वेळी लिहून पाठविले. काही पालकांना उत्तर न देण्याची गोष्ट रुचली नाही. पण तीच अधिक धैर्याची होती, आणि बाईंनी ती पाळली. मोबाईल पेटीत ठेवून त्या मोदक वळावयास बसल्या.

२८ ऑगस्टला ठरल्या वेळी माळ्यावरच्या खिडकीपाशी तास सुरू झाला. हजेरीत त्या मुलाचे नाव येताच पलीकडून आवाज आला, "हजर, बाई." त्या दिवशी वडील पुन्हा फोन घरी ठेवून गेले होते.