डोळ्यांची आग आणि मेडिकलमधले ड्रॉप

पिकाची राखण आपण डोळ्यांत तेल घालून करतो. पण त्या डोळ्यांची राखण कोण करतो? सोयाबीनची मळणी सुरू झाली, की खेडोपाडी एकच तक्रार ऐकू येते. "डोळे चरचरतात, माती गेल्यासारखं वाटतं, सकाळी पापण्या उघडत नाहीत." पुढे तुरीचे खळे, हरभऱ्याची काढणी आणि मग चैत्र-वैशाखातला कोरडा वारा. म्हणजे दसऱ्यापासून मृगापर्यंत डोळ्यांना उसंत नाही. आणि यावर आपला ठरलेला इलाज काय, तर तालुक्याला जाणाऱ्याच्या हाती निरोप धाडायचा, "येताना मेडिकलमधून लालीवरचा ड्रॉप आण."

मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. पण पीक पिवळे पडले, की आम्ही आधी कारण शोधायला सांगतो. पाणी साचले आहे की अन्नद्रव्य कमी आहे, हे न बघता युरिया फेकला तर पैसा वाया जातो आणि पीकही हातचे जाते. डोळ्यांच्या बाबतीत मात्र कारण न बघता औषध घालणे आपल्याला गैर वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच, की डोळ्यांत काही घालण्याआधी डोळ्यांसमोरची हवा बदला. शेतातल्या आणि घरातल्या बहुतेक कोरड्या डोळ्यांचे मूळ त्या हवेतच आहे.

डोळ्यांवर अश्रूंचा एक पातळ थर कायम असतो. त्यात पाणी असते, बुबुळाला धरून राहणारा चिकट द्रव असतो आणि सर्वांत वर पापण्यांतल्या ग्रंथींतून येणारे तेल असते. हे तेल म्हणजे जमिनीवरचे आच्छादनच समजा. आच्छादन असले की ओल टिकते, नसले की उन्हावाऱ्याने ती उडून जाते. पापणी मिटते तेव्हा हा थर नव्याने पसरतो. वारा, धूळ, धूर आणि आच यांनी तो लवकर सुकतो, मग चरचर सुरू होते. पुष्कळांच्या डोळ्यांतून उलट पाणी गळते. "पाणी येतंय म्हणजे कोरडे कसे?" असा प्रश्न हमखास विचारला जातो. पण कोरड्या डोळ्याला टोचले, की तो भराभरा पाणी सोडतो. ते पाणी टिकत नाही, गालावर ओघळून जाते.

आता खळ्यावरचे बघू. मळणी यंत्र लावताना वाऱ्याची दिशा बघावी. भुसा वाऱ्याबरोबर पुढे जाईल आणि माणसे वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहतील, असे यंत्र उभे करावे. आजूबाजूच्या जमिनीवर आधीच पाणी शिंपडावे. कडेने बंद असलेला साधा चष्मा शे-दोनशे रुपयांत मिळतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसे दगावली, तेव्हापासून फवारणीच्या चष्म्याचे महत्त्व सगळेच बोलतात. पण मळणीला चष्मा लावणारा विरळाच. फवारणीचा आणि मळणीचा चष्मा मात्र वेगळा ठेवावा. उपरणे, पदर घट्ट बांधावा, कारण सैल टोक यंत्रात अडकले तर जिवावर बेतते. हरभरा उपटताना हाताला आंब लागते, ती आम्ल असते. त्याच हाताने डोळे चोळले तर आगीत तेल. आधी हात धुवावेत, मग चेहरा. धुळीने भरलेल्या उपरण्याने डोळे पुसू नयेत.

दुसरी जागा चुलीपुढची. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघरी सिलिंडर पोचले. तरी भरून आणायचा खर्च बघता अनेक घरांत भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच होते. ओल्या पऱ्हाट्या-तुराट्या फुंकणीने पेटवताना सगळा धूर घरच्या बाईच्या डोळ्यांत जातो. "बायांना सवय असते" असे आपण म्हणतो. डोळ्याला धुराची सवय होत नाही, बाईला सोसण्याची सवय होते. सरपण पावसाआधी झाकून ठेवणे, चुलीवर धुराडे बसवणे, समोरासमोर खिडकी किंवा झरोका ठेवणे ही कामे घरच्या पुरुषाची आहेत. ती एका दिवसाची आहेत.

तिसरी गोष्ट मोटारसायकलची. उघड्या डोळ्यांनी वीस किलोमीटर जाऊन आलो, की डोळे लाल होणारच. काचेचे हेल्मेट घालावे, डोके वाचते आणि डोळेही. रात्री पंख्याचा किंवा कूलरचा झोत तोंडावर घेऊन झोपू नये, तो पायांकडे वळवावा. आणि हल्ली मोबाइल आला आहे. एरवी आपली पापणी मिनिटाला पंधराएक वेळा लवते, पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर येते. दर २० मिनिटांनी मान वर करून लांबच्या झाडाकडे बघावे, पापण्या पूर्ण मिटाव्यात.

घरचा उपाय म्हणाल तर सोपा आहे. स्वच्छ फडके सोसेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे. पापणीतले तेल मोकळे होते. मध, कांद्याचा रस, दूध, एरंडेल असले काही डोळ्यांत घालू नये.

आता त्या लालीवरच्या ड्रॉपविषयी. यातल्या काही ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असते. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस खूश. पण डॉक्टरांच्या देखरेखीविना ते महिनोन्‌महिने घातले, तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. कुसळ किंवा पात लागून बुबुळाला जखम झाली असेल, तर त्यात बुरशी धरते आणि स्टिरॉइडने ती फोफावते. हा रोगापेक्षा इलाज भयंकर. म्हणून चिठ्ठीशिवाय असा ड्रॉप दुकानदाराने देऊ नये आणि आपणही मागू नये. नुसता ओलावा देणारे, कृत्रिम अश्रूंचे थेंब वेगळे असतात. तेही विचारून घ्यावेत आणि बाटलीवर लिहिलेल्या मुदतीनंतर टाकून द्यावेत.

डोळा दुखू लागला, उजेड सोसेना, नजर अंधूक झाली, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा लहान मुलाला दिवेलागणीनंतर दिसेनासे झाले, तर बाजाराच्या दिवसाची वाट बघू नये. ग्रामीण रुग्णालय किंवा नेत्रतज्ज्ञ गाठावा. मधुमेह असणाऱ्यांनी आणि उतारवयातल्या बायकांनी साध्या कोरडेपणाकडेही दुर्लक्ष करू नये.

शेवटी एक मागणे आहे. मजुराला आपण चहा देतो, जेवण देतो. यंत्रमालक भाडे ठरवताना डिझेलचा हिशेब करतो. त्याच हिशेबात यंत्रावरच्या चार माणसांचे चार चष्मे का धरू नयेत? खळे चार दिवसांत उरकते, पण मजुराला आयुष्यभर त्याच डोळ्यांनी काम करायचे असते. यंदा यंत्र ठरवाल, तेव्हा भाव विचारण्याआधी चष्मे आहेत का, हे विचारा.